शेटेबाईंच्या गाडीचा सेल्फ

शेटेबाईंनी चावी फिरवली आणि बॉनेटखालून ‘टक’ असा एकच आवाज आला. पुढे काही नाही.

"परत मारा," मी म्हणालो.

परत टक.

"जरा दम खाऊन मारा."

त्या थांबल्या, मनात दहा आकडे मोजल्यासारखं केलं आणि चावी फिरवली. टक. गॅरेजच्या दाराशी त्यांचे थोरले भाऊ प्रल्हादराव उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि मला दिसेल असं बघितलं. सव्वाबारा झाले होते.

दोन वाजता बाईंची लायसनची परीक्षा होती. विट्यात आरटीओचा कॅम्प महिन्यातून एकदाच लागायचा. सांगलीहून साहेब यायचे, विश्रामगृहामागच्या मैदानावर टेबल मांडायचे आणि तीन वाजले की फायली गुंडाळून निघून जायचे. बाईंच्या शिकाऊ लायसनची मुदत चार दिवसांनी संपत होती. म्हणजे आज नाही तर सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायची प्रल्हादरावांची अजिबात तयारी नव्हती. बहिणीशी त्यांचं बोलणं झालं होतं की लायसन मिळालं तर गाडी राहील, नाही मिळालं तर जाईल. तासगावचं गिऱ्हाईकही त्यांनी बघून ठेवलं होतं. ते संध्याकाळी पाचला गाडी बघायला येणार होतं.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. हेमलता शेटे तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांच्या असतील. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. पायाला कॅलिपर, काखेत कुबड्या, आणि अकरा किलोमीटरवरच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. गणित शिकवणारी बाई असावी तशाच होत्या, कमी बोलायच्या आणि बोललेलं दोनदा सांगायला लागलं की कपाळाला आठी पडायची. प्रल्हादरावांनी त्यांना आधी सायकलवरून शाळेत नेलं, मग कॉलेजात, मग नोकरी लागल्यावर मोटारसायकलवरून रोज अकरा किलोमीटर जाऊन येऊन. माणूस वाईट नव्हता. बहिणीला फुलासारखं जपलं होतं त्यानं, आणि आता ती एकटी रस्त्यावर जाणार म्हटल्यावर त्याचा धीर होत नव्हता.

गाडी बाईंनी पगारातून साठवून घेतली होती, पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंची वापरलेली. पण लायसन येईपर्यंत कागद भावाच्या नावावर. छोटी, पांढरी, आणि ऑटो गिअरची. त्या काळी आमच्याकडे ऑटो गिअर म्हणजे नवलाई होती, लोक नुसती बघायला यायचे. क्लच नाही, उरला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर, तेही पायाचे. ते हाताशी आणून देणं माझ्याकडं आलं.

मी आडनावानं लोहार आणि जातीनंही. वडील नांगराचे फाळ करायचे, मी गाड्यांत शिरलो. तीन महिने खपून मी स्टिअरिंगखाली उजव्या हाताला एक दांडा बसवला. आपल्याकडे ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक. ब्रेकला सळई, आणि वेगाला एक केबल, जी थेट इंजिनपर्यंत जायची. चार वेळा करून मोडला, पाचव्यांदा जमला. विट्यात ज्याला त्याला मी तो दांडा दाखवायचो. बायको म्हणायची, आता त्याचं बारसं करा. मला त्या दांड्याचा एवढा गर्व होता की गाडी शेट्यांची आहे हे मी अधूनमधून विसरायचो.

तर त्या दुपारी ती गाडी माझ्याच दारात ‘टक’ करून बसली होती.

"धक्का मारू या का?" प्रल्हादराव म्हणाले. "समोरच्या टपरीवरची चार माणसं बोलावतो."

"ऑटो गिअरची गाडी धक्क्यानं लागत नाही हो. ढकलत कऱ्हाडला नेली तरी लागायची नाही. हिला सेल्फनंच लागायला पाहिजे."

"म्हणजे सेल्फ गेला की माणूस तिथंच?"

मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. ‘हो’ म्हणालो असतो तर त्यांना तेच पाहिजे होतं.

मी पहिल्यांदा सोप्या गोष्टी बघितल्या. गिअर ‘एन’वर आहे का ते बघितलं, कारण तिथं नसला तर ही गाडी सेल्फ घेतच नाही. होता. हॉर्न वाजवला तर गल्ली दणाणली. हेडलाइट लावून बाईंना सेल्फ मारायला सांगितला, दिवे तसेच लख्ख राहिले. बॅटरी मेली असती तर दिवे मिणमिणले असते. तरी खात्री असावी म्हणून शेजारच्या मुसाभाई बॅटरीवाल्यांना हाक मारली. ते नवी चार्ज केलेली बॅटरी खांद्यावर घेऊन आले.

"काय सदा मिस्त्री, दसऱ्याचं सोनं लुटून दमली काय गाडी?"

"चेष्टा नंतर करा मुसाभाई, दोनला कॅम्प हाय."

त्यांनी प्रल्हादरावांच्या तोंडाकडं बघितलं आणि गुमान बॅटरी जोडली. बाईंनी चावी फिरवली. टक.

"बॅटरी न्हाय," मुसाभाई म्हणाले. "तुझा सेल्फच बसलाय."

मलाही तेच वाटत होतं. सेल्फच्या मोटरीत कार्बन असतात. ते झिजले की मोटर अशीच रुसते, आणि वरून दोन ठोके दिले की कधीकधी उठते. मी खाली सरपटत गेलो आणि पान्याच्या मुठीनं सेल्फच्या पाठीवर ठोके दिले. "मारा." टक. अजून दोन. "मारा." टक.

"मिस्त्री," वरून बाईंचा आवाज आला. "या दांड्याची केबल गरम लागतीय."

"ऊन आहे बाई," मी खालूनच म्हणालो. "ऑक्टोबरचं ऊन."

"उन्हाचं नाही वाटत."

"तुम्ही फक्त मी सांगितलं की चावी फिरवा."

खालून बाहेर आलो, लांब पेचकस घेतला आणि सेल्फवरचे दोन जाड बोल्ट त्यानं जोडून बघितले. असं केलं की चावी आणि आतली टकटकणारी डबी दोन्ही बाजूला राहतात आणि करंट थेट मोटरीत जातो. जरा ठिणगी उडाली. मोटर ढिम्म.

बारा चाळीस झाले. प्रल्हादराव येरझारा घालत होते. "सकाळी तर लागली होती म्हणालात."

"लागली होती. एकदा. आतून बाहेर काढली ती सेल्फवरच काढली."

ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. सकाळी ती कण्हत कण्हत लागली होती, आणि मी मनाला म्हटलं होतं, दोन दिवस उभी होती म्हणून असेल. दोन दिवस उभी होती हेही खरंच होतं. आमच्या गॅरेजात खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पुसून पोत्यावर मांडतात, जॅक, व्हाइस, पान्यांचा ट्रे, सगळ्याला हळदीकुंकू लागतं, आणि दसरा उलटेपर्यंत पान्याला कुणी हात लावत नाही. त्या वर्षी मी हौसेनं बाईंची गाडीही पूजेला ठेवून घेतली होती. तिची चावी हत्यारांच्या ताटात, झेंडूच्या फुलाखाली होती. दोन दिवस ती कुणी फिरवली नव्हती.

"सेल्फ खाली उतरवतो," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"आणि नाही झालं तर?"

"होईल की."

बाईंना गाडीतून उतरायला प्रल्हादरावांनी हात दिला. त्यांनी तो घेतला नाही, कुबड्या टेकून स्वतः उतरल्या आणि लोखंडी खुर्चीवर बसल्या. मांडीवर कागदांची फाईल होती. ती त्यांनी उघडून बघितली, मिटली, परत उघडली.

"मिस्त्री, वासही येत होता," त्या म्हणाल्या. "चावी फिरवली की. प्लॅस्टिक तापल्यासारखा."

"नव्या रंगाचा असेल बाई. इंजिन तापलं की येतो."

"इंजिन तर चालूच झालं नाही."

मुसाभाई फिस्सकन हसले. मला राग आला. घाईच्या वेळी डोक्यावर कुणी बोललेलं मला खपायचं नाही, त्यात गाडी मी बांधलेली, दांडा माझा, आणि बाईंनी पान्याला उभ्या जन्मात हात लावलेला नाही. मी म्हणालो, "बाई, तुम्ही परीक्षेचं बघा, गाडीचं मी बघतो." बोललो गोडच, पण त्यांनी फाईल मिटली आणि परत उघडली नाही.

सेल्फ उतरवताना माझी बोटं सोलली. ऑटो गिअरच्या त्या गाडीत जागाच नव्हती, एक बोल्ट तर नुसत्या अंदाजानं सोडवावा लागला. एक वाजून पाच मिनिटांनी सेल्फ बाहेर आला. व्हाइसमध्ये पकडला, मुसाभाईंनी बॅटरीच्या दोन जाड वायरी जोडल्या, एक बोल्टाला आणि एक थेट सेल्फच्या अंगाला. सेल्फ असा गरगर फिरला की व्हाइससकट टेबल हललं.

मुसाभाईंनी वायर काढली.

"हा तर ठणठणीत हाय की," ते म्हणाले.

खरं तर सेल्फ खराब निघाला असता तर मी सुटलो असतो. कार्बन घालायचे, मोकळं व्हायचं. आता खाली काढलेली मोटर चांगली होती, बॅटरी चांगली होती, आणि गाडी लागत नव्हती. तरी म्हटलं, बसवताना नीट बसेल, सांध्याला घाण असेल. पुसून लख्ख केली आणि परत बसवली. दीड वाजायला पाच मिनिटं कमी होती. बाई परत आत बसल्या.

"मारा."

टक.

प्रल्हादरावांनी खिशातून मोबाईल काढला. "मी त्या तासगावच्या माणसाला कळवतो. पाचला कशाला, आत्ताच ये म्हणतो. टोचन लावून घेऊन जा म्हणतो."

"दादा, दोन वाजेपर्यंत थांब," बाई म्हणाल्या.

"हेमा, काय बघायचं राहिलंय? मिस्त्रीच्या दारात मिस्त्रीला लागेना. उद्या तू माळावर एकटी असशील. पाऊस असेल. खाली उतरून चालत कुठं जाणार आहेस तू?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज बसला होता. बाई समोर काचेतून बघत होत्या, त्यांचा हात दांड्यावर होता. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या माझ्याकडे वळल्या आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "लोहार, इकडं या."

मी गेलो.

"हात आत घाला. इथं, केबलवर ठेवा. काढायचा नाही."

मी खिडकीतून हात घातला आणि केबल मुठीत धरली. त्यांनी चावी फिरवली आणि तशीच धरून ठेवली. एक, दोन, तीन. माझ्या मुठीत ती केबल तापली. उन्हानं तापते तशी नाही, चुलीतल्या सळईसारखी आतून तापली. मी हात काढला. तळव्यावर लाल रेघ उठली होती आणि तोच तो वास नाकात आला.

सेल्फ अजून टक करूनच बसला होता. पण मला सगळं कळलं.

करंटला जायला जसा रस्ता लागतो तसा परत यायलाही लागतो. सेल्फ केवढातरी करंट ओढतो. तो इंजिनातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत परत यावा म्हणून गिअरबॉक्सपासून बॉडीला तांब्याची एक जाड विणलेली पट्टी जोडलेली असते. आम्ही तिला अर्थिंग म्हणतो. तो मोठा रस्ता बंद असला तर करंट मिळेल त्या बोळकांडातून परतायला बघतो. त्या गाडीत तसं बोळकांड होतं एकच, इंजिनपासून स्टिअरिंगपर्यंत गेलेली माझ्या दांड्याची केबल. म्हणून ती तापत होती. व्हाइसवर सेल्फ फिरला, कारण तिथं वायर आम्ही थेट त्याच्या अंगाला लावली होती.

मी बॉनेटमध्ये वाकलो आणि अर्थिंगची पट्टी शोधली. ती जागच्या जागी होती, बोल्टही घट्ट होते. आणि पट्टी जिथं बसते ती दोन्ही ठिकाणं चंदेरी रंगानं आरशासारखी चमकत होती.

तो रंग मी दिला होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हत्यारांना रंग देता देता डबा उरला होता. म्हटलं, पूजेची गाडी, साहेब बॉनेट उघडून बघणार, इंजिन कसं नव्या नवरीसारखं दिसलं पाहिजे. पट्टी सोडवली, खालचं लोखंड घासलं, दोन हात रंग चढवला, वाळल्यावर पट्टी परत वरून आवळली. रंगातून करंट जात नाही हे पोरसवदा शिकाऊलाही कळतं. मला त्या दिवशी फक्त चकाकी दिसत होती. बोल्टाच्या आट्यांतून लोखंडाला लोखंड लागेल तेवढं लागत होतं, त्यावर ती सकाळी एकदा कण्हत उठली, आणि तेवढंही जळून गेलं.

मी खिशातून पॉलिशपेपर काढला. पाठ प्रल्हादरावांकडे केली. पट्टी सोडवून रंग खरवडला, उघडं लोखंड दिसेपर्यंत घासलं, पट्टी आवळली आणि चमक राहिली होती तिथं ग्रीसचं बोट फिरवलं. हे सगळं पाच मिनिटांत झालं, आणि पाचही मिनिटं माझा जीव टांगणीला होता, गाडी लागेल की नाही म्हणून नाही, कुणी वाकून बघेल म्हणून.

"मारा बाई."

गाडी पहिल्या फटक्यात लागली.

"काय झालं होतं?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"अर्थिंग सैल पडली होती," मी हात पुसत म्हणालो. "जुनी गाडी आहे. व्हायचंच."

बाईंनी गाडीतून माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या पॉलिशपेपरकडे. तो चंदेरी झाला होता. मी तो चुरगाळून खिशात घातला.

मैदानावर आम्ही पावणेदोनला पोचलो. बाई चालवत होत्या, मी शेजारी, प्रल्हादराव मागे. साहेब पन्नाशीचे, चष्मेवाले, शांत गृहस्थ होते. त्यांनी दांडा बराच वेळ बघितला, स्वतः ओढला, ढकलला, खाली वाकून सळई बघितली. "कुणी केलं हे?" मी पुढे झालो. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. एरवी मी ते वाक्य वर्षभर मिरवलं असतं. त्या वेळी मान खाली घालून उभा राहिलो.

बाईंनी आठाचा आकडा काढला. गाडी मागे घेतली, चढावर थांबवून परत उचलली. साहेबांनी मुद्दाम मध्येच बंद करायला लावली आणि म्हणाले, "आता चालू करा." लागली. प्रल्हादराव माझ्या बाजूला उभे होते, त्यांचे ओठ हलत होते. नवस बोलत होते की मनातल्या मनात चावी फिरवत होते, देव जाणे. तीन वाजायला वीस मिनिटं असताना साहेबांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "जपून चालवा बाई. लायसन पोस्टानं येईल."

मला वाटलं, सुटलो.

कडुलिंबाखाली गाडी उभी होती. बाई स्टिअरिंगवर बसलेल्या, कागद मांडीवर. प्रल्हादराव मोबाईल हातात घेऊन खिडकीपाशी गेले. त्यांचे डोळे ओले होते.

"पास झालीस. मला वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. चांगली चालवलीस." त्यांनी खिडकीवर हात ठेवला. "पण हेमा, ही गाडी नको. लायसन तुझं झालंय, ते कुठं जात नाही. ही जुनी आहे. आज कॅम्पाच्या दिवशी बंद पडली, उद्या कुठं पडेल सांगता येत नाही. मी नाही म्हणत, मिस्त्री स्वतः म्हणाले, जुनी आहे, व्हायचंच. ती देऊन टाकू. पुढं मागं चांगली बघू."

पुढं मागं म्हणजे काय हे त्या दोघांनाही माहीत होतं. दुसरी ऑटो गिअरची गाडी, दुसरा दांडा, दुसरे तीन महिने. मधल्या काळात परत मोटारसायकल, परत भावाची पाठ. आणि भाऊ सहज खरं बोलत होता, कारण जाणत्या माणसानं त्याला तसं सांगितलं होतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"मिस्त्री, गाडी जुनी म्हणून बंद पडली का?"

आता त्या सांगू शकल्या असत्या. पॉलिशपेपर त्यांनी बघितला होता. पण त्यांनी ते माझ्यावर सोडलं. मैदानावर कुणीतरी स्कूटर आठाच्या आकड्यात पाडली आणि लोक हसले. विट्यात मिस्त्रीची पत असते ती एवढीच, की त्यानं हात लावलेली गाडी बिघडत नाही. साहेबांनी शिक्का मारलेला दांडा, त्या दांड्यामुळं येणारी पुढची कामं, हे सगळं माझ्या डोक्यात आलं. लाज वाटते, पण तेच आधी आलं.

"नाही," मी म्हणालो. "गाडीत काही दोष नव्हता. मी पूजेसाठी रंग दिला. अर्थिंगच्या खालीही दिला. त्यामुळं बंद पडली. रंग खरवडला, लागली."

प्रल्हादराव वळले. "मग मघाशी जुनी म्हणालात ते?"

"खोटं बोललो."

"म्हणजे गाडी चांगली आहे?"

"एकदम चांगली आहे. दहा वर्षं तरी बघायला नको."

"आणि दोष तुमचा."

"माझा."

त्यांनी मोबाईल खिशात टाकला. मला वाटलं होतं, शिव्या देतील. त्यांनी फक्त एक मोठा श्वास सोडला. माणसाला इतके दिवस कशाची भीती वाटते ते कळत नसतं, आणि मग एकदम समोर बोट दाखवता येतं, तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर दिसलं. "मग गाडी विकायची गरज नाही," ते म्हणाले. "गॅरेज बदलू."

मी बाईंकडे बघितलं. आता त्या काहीतरी बोलतील, भावाला समजावतील, असं मला मनापासून वाटलं. दांडा माझ्या हातचा होता. पाच वेळा केला होता.

"हो दादा," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, रागावून नाही, पेपर तपासून परत देताना सांगावं तसं, "मिस्त्री, रंगाचं काही नाही. चूक कुणाच्याही हातून होते. पण केबल गरम लागतीय हे मी तुम्हाला बारा वाजताच सांगितलं होतं. वासाचंही सांगितलं. माळावर गाडी बंद पडली, तर मला फोनवरून सांगावं लागेल. ऐकणारा माणूस पाहिजे मला."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो.

प्रल्हादराव शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्याकडे जीपचं जुनं लायसन होतं. बाईंनी चावी फिरवली, गाडी लागली. सवयीनं मी मागे जाऊन उभा राहिलो, हात वर करून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायला लागलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आरशात बघून गाडी सरळ मागे घेतली, माझ्यापासून दोन हातांवर थांबवली, वळवली आणि मैदानाच्या दारातून बाहेर गेली. मी हात खाली घेतले आणि चालत गॅरेजला आलो.

पुढे चौदा वर्षं ती गाडी माझ्या दारावरून जायची. शाळा दुपारची असली की सव्वादहाला, उन्हाळ्यात सकाळची असली की पावणेसातला. तिचं काम खानापूर रोडला एक पोरगं करायचं. चांगलं करायचं, मी चौकशी केली होती. बाई एकट्याच असायच्या, उजवा हात दांड्यावर. माझ्याकडे लक्ष गेलं तर मान हलवायच्या, मीही हलवायचो.

ती एकदा तरी माझ्या दारात बंद पडावी, असं मला वाटायचं. ती पडली नाही.